फोर्क आणि एक्झेक यांच्या मधली जागा

आपल्या प्रोग्राममधून दुसरा प्रोग्राम चालवायचा, त्याचं आउटपुट घ्यायचं, अडकला तर बंद करायचा, हे आज चार ओळींचं काम आहे. यामागची मूळ रचना १९६९-७० च्या सुमारास बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकाराला येत असताना ठरली.

पीडीपी-७ या संगणकावरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, असे. कमांड दिली की तिचा कोड मेमरीत थेट शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी येई. काम संपलं की शेल पुन्हा डिस्कवरून लोड होई. मग युनिक्सचे निर्माते केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बर्कलीच्या टाइम-शेअरिंग सिस्टिममधली फोर्कची कल्पना घेतली: चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढायची. रिची यांनी नोंदवल्याप्रमाणे, त्यासाठी असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या.

बदल केला आणि डिरेक्टरी (फोल्डर) बदलण्याची कमांड चालेना. बराच वेळ कोड चाळल्यावर उलगडा झाला: डिरेक्टरी बदलत होती ती प्रतीची, आणि प्रत लगेच संपत होती. शेल होता तिथेच. म्हणूनच डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' ही कमांड आजही शेलच्या आतच असते.

फोर्क प्रत काढतो, एक्झेक त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम भरतो. मला या रचनेत सगळ्यात मोलाची वाटते ती या दोघांच्या मधली जागा. 'एलएस > यादी' असं लिहिलं, म्हणजे फाइलींची नावं दाखवणाऱ्या 'एलएस'चं आउटपुट 'यादी' या फाइलमध्ये टाकायला सांगितलं, की शेल आधी फोर्क करतो. त्या प्रतीत १ क्रमांकाचं, म्हणजे एरवी स्क्रीनवर जाणारं, आउटपुट बंद करून तिथे 'यादी' ही फाइल जोडली जाते आणि मगच एक्झेकने 'एलएस' येतो. त्याला वाटतं, आपण नेहमीसारखंच १ वर लिहितोय. फाइलमध्ये लिहिण्यासाठी 'एलएस'मध्ये एक ओळही वाढवावी लागली नाही. १९७३ मध्ये, बेल लॅब्जमधल्याच डग्लस मॅकिलरॉय यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहानंतर, एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारा पाइप आला तोही याच जागेत बसला.

विंडोज एनटीने १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे 'क्रिएटप्रोसेस' नवी प्रोसेस एका फटक्यात उभी करते, पण आर्ग्युमेंट्स (फाइलची नावं वगैरे, प्रोग्रामला दिलेली माहिती) एकाच लांब स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या एका सलग ओळीत, जातात आणि ती कशी तोडायची हे समोरचा प्रोग्राम ठरवतो. स्पेस असलेलं नाव तुटू नये म्हणून घालाव्या लागणाऱ्या अवतरणचिन्हांचा छळ तिथूनच येतो.

युनिक्सवरही सी भाषेतलं 'सिस्टिम' हे फंक्शन अख्खी ओळ शेलच्या हाती देतं. फाइलच्या नावात स्पेस असेल तर एका नावाची दोन नावं होतात. अर्धविराम असेल तर त्यापुढचा भाग स्वतंत्र कमांड म्हणून चालतो. माझ्या एका बॅकअप स्क्रिप्टने अशाच एका स्पेसपायी कित्येक आठवडे एक फोल्डर गाळलं होतं आणि काम नीट झालं की नाही हे सांगणारा एक्झिट कोड मी तपासतच नव्हतो.

२००४ मध्ये पायथन या भाषेच्या २.४ आवृत्तीसोबत दुसरे प्रोग्राम चालवणारं 'सबप्रोसेस' हे मॉड्यूल आलं, ते आर्ग्युमेंट्सची यादी घेतं आणि सांगितल्याशिवाय शेलला मध्ये आणत नाही. विंडोजवर मात्र त्यालाही ती यादी पुन्हा एका स्ट्रिंगमध्ये जोडूनच पुढे द्यावी लागते.