झिरकोनिया ऑक्सिजन संवेदक

वायूच्या नमुन्यातील ऑक्सिजनचे प्रमाण तापवलेल्या सिरॅमिकच्या आधारे मोजणारे हे उपकरण आहे. इट्रिया (इट्रियमचे ऑक्साइड) मिसळून स्थिर केलेल्या झिरकोनियाची (झिर्कोनियमचे ऑक्साइड), एका टोकाला बंद असलेली पांढरी नळी हा त्याचा गाभा असून तिच्या आतून व बाहेरून सच्छिद्र प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो.

चार संयुजेच्या झिर्कोनियमच्या काही जागी तीन संयुजेचा इट्रियम बसल्यामुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. नळी सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ऑक्साइड आयन या जागांवरून सहज सरकतात, इलेक्ट्रॉनांना मात्र आतून वाट मिळत नाही. त्यामुळे एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस भट्टीचा धूर असताना दोन्ही थरांदरम्यान व्होल्टेज निर्माण होते. नेर्न्स्ट समीकरणानुसार ते दोन्हीकडील ऑक्सिजनच्या आंशिक दाबांच्या (मिश्रणातील एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब) गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असते. ७२७ अंशांवर ३ टक्के ऑक्सिजनच्या धुरासाठी सुमारे ४२ मिलिव्होल्ट मिळतात. दोन्हीकडे हवाच असेल तर शून्य. ऑक्सिजन कमी तितके व्होल्टेज जास्त, हे नवख्या ऑपरेटरला उलटे वाटते. मोजणी सर्वस्वी तुलनेची असल्याने तापमान ढळले किंवा संदर्भाची म्हणजे तुलनेसाठीची बाहेरची हवा अशुद्ध झाली तरी आकडा बिघडतो. म्हणून हीटरजवळ तापमान मोजणारे थर्मोकपल बसवलेले असते.

विदर्भात अकोला जिल्ह्यातील पारससारख्या गावालगतच्या औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळतो, तर भंडारा-गोंदियाकडील उकड्या तांदळाच्या गिरण्यांत धानाचा कोंडा. लहान बॉयलरवर धुराच्या रंगावरूनच हवा कमी-जास्त करण्याची पद्धत दिसते. काळ्या धुरावरून हवा कमी पडल्याचे कळते खरे. पण हवा जास्त झाली तर चिमणी स्वच्छच दिसते आणि उष्णता निमूटपणे वाया जाते. धुरात उरलेला ऑक्सिजन दाखवणाऱ्या संवेदकाची खरी गरज इथेच असते. मोटारींत तो १९७६ पासून आला आणि एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ या वाहन-प्रदूषण निकषांनंतर खेड्यातल्या दुचाकीपर्यंत पोहोचला.

धुरात कार्बन मोनॉक्साइड उरला असेल तर तो तापलेल्या प्लॅटिनमवर जळून ऑक्सिजन खातो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. राखेने गाळणी बुजली तर वाचन मंदावते. शिवाय नळी थेट धुरात असल्यास मोजमाप बाष्पासहित वायूचे होते; तोच नमुना थंड व कोरडा करून तपासल्यास ऑक्सिजनची टक्केवारी थोडी जास्त भरते, त्यामुळे दोन उपकरणांचे आकडे ताडून पाहताना नमुना ओला होता की कोरडा हे आधी विचारावे लागते.