जिलबीही आंबवलेलीच असते

आंबवलेले पदार्थ खा, पोटातले चांगले जिवाणू वाढवा आणि नैराश्य पळवून लावा, असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. इंदूरकरांनी तर तो वाचून पेढेच वाटायला हवेत. सकाळी पोह्यांच्या जोडीला इथे जी जिलबी कढईतून निघते, तिचं पीठ रीतसर आंबवलेलं असतं. फक्त तापलेल्या तुपात पडल्यावर त्यातला एकही जिवाणू जिवंत उरत नाही. किंचित आंबूस चव तेवढी राहते, आणि तीही साखरेत बुडते. पोट आणि मन यांच्या नात्याबद्दल सध्या जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या जिलबीसारखंच आहे. आत खरं विज्ञान आहे, पण वर पाक फार आहे.

आतलं विज्ञान जुनं आहे. अमेरिकी लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट यांच्याकडे १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा तरुण आला. बंदुकीच्या छऱ्यांनी त्याच्या पोटाला भोक पडलं होतं. तो वाचला, पण भोक बुजलंच नाही. त्यातून बोमाँट यांनी पुढे कित्येक वर्षं जठराचं काम प्रत्यक्ष पाहिलं. माणूस चिडला की पचन बिघडतं, हेही त्यांनी टिपलं आणि १८३३ च्या आपल्या पुस्तकात छापलं. (चिडण्याचं कारण बहुधा खुद्द डॉक्टरच असावेत. सेंट मार्टिन पुढे त्यांच्याकडे परतायला तयार झाला नाही.)

आज आपल्याला माहीत आहे की पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि त्यात दहा कोटींहून जास्त पेशी असतात. मेंदूच्या बुडापासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता या जाळ्याला मेंदूशी जोडते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडची खबर वर नेणारे आहेत. हुकूम खाली आणणारे त्या मानाने थोडेच.

इथवर ठीक. गडबड होते ती सेरोटोनिन या, मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनापाशी. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल, आणि ते खरं आहे. त्यावरून ‘आनंद पोटात तयार होतो’ असं जे सांगितलं जातं, ते मात्र चूक. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. त्याचं मुख्य काम आतडं हलतं ठेवण्याचं. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. ते डाळी, दूध, शेंगदाणे यांतून मिळतं. पण मूठभर शेंगदाणे जास्त खाल्ले म्हणून मेंदूतलं सेरोटोनिन वाढेल, असंही नाही. मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी चढाओढ करावी लागते, आणि प्रथिनांच्या जेवणात ती बरीच असतात.

मग जिवाणूंचं काय? आपल्या शरीरात ते अंदाजे ३८ लाख कोटी आहेत, म्हणजे जवळजवळ आपल्या पेशींइतकेच. दसपट असल्याचा जुना आकडा आता मागे पडला आहे. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवलं. नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली. त्यांना लहान वयात बिफिडोबॅक्टेरियम गटातला एक विशिष्ट जिवाणू दिल्यावर ही उसळी आटोक्यात आली. २०११ मध्ये आयर्लंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक वाण खाऊ घातला. उंदीर कमी घाबरू लागले. व्हेगस चेता कापली, तर तोच जिवाणू देऊनही फरक पडेना. रस्ता सापडला, असं वाटायला लावणारा प्रयोग होता हा.

त्यानंतर आयर्लंडमध्येच तो वाण २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. ताण कमी झाला नाही, एकाग्रता वाढली नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याची बातमी क्वचितच कुठे दिसते, आणि प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलच्या जाहिरातीत तर कधीच नाही. एका निरोगी गटावरून सगळं मोडीत काढू नये हे मान्य, पण औषधाच्या दुकानातल्या महागड्या डब्यावर पैसे घालण्याइतका पुरावा आज नाही, असं माझं मत आहे.

कॅप्सूलपेक्षा ताटाबद्दलचा पुरावा थोडा बरा आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्य असलेल्या ६७ जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. बहुतेकांचे उपचार चालूच होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, मासे यांचा आहार आखून दिला. निम्म्यांशी कुणीतरी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. आहाराच्या गटातल्या सुमारे ३२ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, गप्पांच्या गटात ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आपण काय खातोय हे लोकांना माहीत असतं, त्यामुळे अपेक्षेचाही हात असणार. शिवाय २०१९ मध्ये युरोपात हजारावर लोकांवर झालेल्या चाचणीत पूरक गोळ्यांनी नैराश्य टळलं नाही, आहाराच्या समुपदेशनानेही टळलं नाही. तेव्हा चालू उपचारांना चांगल्या ताटाची मदत होऊ शकते, इतकंच म्हणता येतं. ते काही कमी नाही.

ही मदत कशी होत असावी? तंतुमय पदार्थ आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि शरीरातला दाह (आतली सूज) कमी ठेवायला मदत करतात, आणि नैराश्याच्या काही रुग्णांमध्ये दाह वाढलेला आढळतो. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांच्या प्रयोगात दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ १० आठवडे भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाहाची १९ प्रथिनं कमी झाली. अर्थात रोख प्रतिकारशक्तीवर होता, मनावर नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू घ्यायला सांगते. पोहे, वर शेव, जीरावन मसाला आणि बाजूला जिलबी यांत तंतू फारसे नाहीत. तेच पोहे मोड आलेल्या कडधान्याच्या उसळीबरोबर घेतले की हिशेब बदलतो, आणि उसळ-पोहे इंदुरात शोधत फिरावं लागत नाही. मका, ज्वारी, हरभरा तर माळव्याच्या घरचेच. भुट्ट्याचा कीस फक्त पावसाळ्यात करायचा, असा नियम नाही. मात्र एकदम वाटी-वाटी उसळ सुरू केली तर गॅस होणारच, हळूहळू वाढवावं. दह्याचं म्हणाल, तर ताकात जिवाणू जिवंत असतात, कढीत नाहीत. कढी चवीसाठी खुशाल प्यावी. आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत एक वाजता दहीवडा खाऊन घरी येऊन लगेच आडवं होणाऱ्याने जिवाणूंची काळजी नंतर करावी. त्याची छाती जळते, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेचा मनाशी असलेला संबंध या लेखातल्या इतर कशाहूनही पक्का आहे.

बी-१२ जीवनसत्त्व ही शाकाहारी घरातली खरी अडचण. त्याच्या कमतरतेने थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी येऊ शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ती जास्त आढळते. साध्या रक्ततपासणीत कळतं.

आपल्याकडे मनाचं दुखणं पोटाच्या नावाने सांगायची रीत आहे. मावशीला महिनोन्महिने झोप नसते, कशात जीव रमत नाही, पण घरात सगळे म्हणतात, ‘गॅस डोक्यात चढतो हिच्या.’ ऑस्ट्रेलियात लोकांचा १२ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दोन्ही दिशा दिसल्या. काहींना आधी चिंता होती आणि नंतर पोटाचं दुखणं लागलं, काहींचं उलट. त्यामुळे मावशीची तक्रार खोटी नसते, पण नुसत्या ओवा-सोड्याने भागतही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक विकार आढळला, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, ती मोफत आहे.

डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली की पहिल्या दिवसांत अनेकांना मळमळतं, जुलाब होतात, आणि ‘पोटाला सोसत नाही’ म्हणून ती बंद केली जाते. यातल्या पुष्कळ गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात, आणि सेरोटोनिन तर मुख्यतः आतड्यात. त्यामुळे पोटाला आधी कळतं. मनावरचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मळमळ बहुधा त्याआधीच, दोनेक आठवड्यांत, कमी होते. नाही झाली तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देतात.