पिंजरा बसल्यानंतर: ट्रॅकवरच्या गाडीतील सुरक्षा साधनांची पार्श्वभूमी

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतली जागा टिकवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा, नुकताच बसवून झालेल्या गाडीत डोकावले की आतली मोकळी जागा फसवी वाटते. अस्तर, मागची सीट आणि छताचे कापड काढून टाकलेले असते, उघडा पत्रा आणि त्यावरून फिरलेल्या पोलादी नळ्या तेवढ्या दिसतात, आणि आता सीट, पट्टे व अग्निशामक आणून बोल्ट आवळले की गाडी तयार, असे सहज वाटून जाते. वस्तुस्थिती अशी की या टप्प्यावर ती गाडी आत बसणाऱ्यासाठी कारखान्यातून आली त्यापेक्षा अधिक धोक्याची झालेली असते. एअरबॅग, तीन बिंदूंचा पट्टा, मऊ अस्तर आणि चेपणारी बॉडी ही कारखान्याने एकमेकांशी जुळवून दिलेली व्यवस्था मोडलेली असते, आणि पूर्वी जिथे कापड होते तिथे डोक्यापासून वीतभर अंतरावर नळी आलेली असते. केजमध्ये पुढे जे जे बसवायचे, त्यातले बरेचसे या नळीने किंवा तिच्यामागून आलेल्या एखाद्या साधनाने उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यामुळे ही साधने कोणत्या क्रमाने आली हे ठाऊक असले, की ती तशीच का बसवायची हेही आपोआप समजते.

पहिल्या अर्धशतकातल्या शर्यतींत चालकाला गाडीला बांधून ठेवणे हाच वेडेपणा समजला जाई. उघडी गाडी उलटली तर तिच्याखाली चिरडण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा हिशेब होता, आणि डोक्यावर संरक्षण नसलेल्या, पेट्रोलने भरलेल्या त्या गाड्यांमध्ये तो अगदीच चुकीचा नव्हता. पट्ट्याला अर्थ यायचा तर गाडी उलटल्यावरही माणसाभोवतीची जागा शाबूत राहिली पाहिजे. म्हणून नळी आणि पट्टा यांचा इतिहास वेगळा सांगता येत नाही. अमेरिकेत १९४८ साली नॅसकार ही शर्यती भरवणारी संस्था स्थापन झाली आणि रस्त्यावरच्या बंद गाड्या घेऊन शर्यती होऊ लागल्या, तेव्हा छताखाली आधाराची कमान घालण्याची पद्धत रुळली. त्या काळाचा एक मासला म्हणजे १९५२ साली डेटोनाच्या एका शर्यतीनंतर टिम फ्लॉक या चालकाला बाद ठरवण्यात आले, कारण त्याच्या गाडीतील रोल बार, म्हणजे या आधाराच्या कमानी, लाकडाचे निघाले. फॉर्म्युला वनमध्ये चालकामागची कमान १९६१ मध्ये सक्तीची झाली. एका कमानीपासून सहा किंवा अधिक पायांच्या, दारालाही आडव्या नळ्या असलेल्या पूर्ण पिंजऱ्यापर्यंतचा प्रवास पुढच्या दोन दशकांतला आहे.

बांधलेले शरीर किती धक्का सोसू शकते, याचे उत्तर मात्र शर्यतीच्या मैदानावर मिळाले नाही. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले, ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि अवघ्या दीड सेकंदाच्या आत ते थांबले. शरीरावर पडलेला कमाल भार ४६.२ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ४६.२ पट होता. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जिवंत राहिले आणि पुढे वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगले. यातून निघालेला निष्कर्ष साधा होता. पट्टे रुंद असतील, घट्ट असतील आणि हाडांच्या मजबूत भागांवरून, म्हणजे ओटीपोटावरून नव्हे तर कमरेच्या हाडावरून आणि खांद्यांवरून जात असतील, तर माणूस समजला जात होता त्यापेक्षा कितीतरी चिवट आहे. केजमधल्या हार्नेसचे, म्हणजे चालकाला सीटशी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या संचाचे, सगळे नियम याच एका वाक्याचा विस्तार आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही पट्टा आहे आणि पट्टा नीट बसलेला आहे यांतले अंतर समजायला एक मोठा बळी जावा लागला. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झा येथे सरावादरम्यान फॉर्म्युला वन चालक योखन रिंट यांची लोटस गाडी कठड्यावर आदळली. हार्नेसमधले मांड्यांमधून येणारे पट्टे त्यांनी लावले नव्हते, कारण आग लागलीच तर चटकन बाहेर पडता यावे, असे त्यांना वाटे. धक्क्यासरशी शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकले आणि बकल गळ्याशी आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, फॉर्म्युला वनने सहा बिंदूंचा हार्नेस सक्तीचा केला. मांड्यांमधले पट्टे शरीराला मागे ओढण्यासाठी असतात असा समज अजूनही आढळतो. त्यांचे खरे काम कमरेचा पट्टा वर चढू न देण्याचे आहे, आणि म्हणून ते सीटच्या भोकातून खाली जाऊन योग्य कोनात जमिनीला भिडले पाहिजेत. सीटच्या पुढच्या कडेवरून ओढून घेतलेला मांड्यांमधला पट्टा दिसायला पट्टा असतो, पण कामाचा नसतो.

खांद्याच्या पट्ट्यांबाबत चूक आणखी सहज होते, कारण मागच्या सीटच्या मूळ पट्ट्यांची तयार भोके जमिनीत समोरच दिसतात. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, परिशिष्ट जे मधील कलम २५३ असे सांगते की हे पट्टे सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नयेत आणि तो १० अंशांच्या आत ठेवावा हे उत्तम. पट्टा जितका तिरका खाली उतरेल, तितका धडकेच्या वेळी तो खांद्यांना मागे धरण्याऐवजी खाली दाबतो, आणि तो भार मणक्यांवर उभा पडतो. शिवाय पट्टा लांब असला की ताणतोही जास्त. म्हणूनच केजमध्ये चालकाच्या पाठीमागे खांद्याच्या उंचीवर एक आडवी नळी घालण्याची पद्धत पडली आणि पट्टे तिच्याभोवती गुंडाळून बांधले जाऊ लागले. पट्टे सीटला किंवा सीटच्या आधाराला बांधण्यास याच कलमात स्पष्ट मनाई आहे, कारण तसे केले तर सीट उखडताना माणसाला सोबत घेऊन जाते.

यावरून सीट आधी आणि पट्टे नंतर हा क्रमही ठरतो. सीट पक्की बसवून, चालकाला हेल्मेटसह त्यात बसवून, खांद्याची उंची नळीशी ताडून पाहिल्याशिवाय एकही भोक पाडू नये. आय-बोल्टसाठी, म्हणजे पट्टा अडकवायच्या कडीच्या बोल्टसाठी, पत्र्याला भोक पाडले की त्याच्या मागे पट्टी किंवा जाड पत्रा वेल्ड करावा लागतो, नाही तर बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा कागदासारखा फाटतो. सीटच्या पायांसाठी प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटर स्पर्शपृष्ठ आणि किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट ही अट त्याच अनुभवातून आली आहे.

पट्ट्यांनी धड घट्ट धरले आणि एक नवाच प्रश्न पुढे आला. धड जागच्या जागी थांबते, पण हेल्मेट घातलेले जड डोके पुढे जातच राहते, आणि सगळा ताण कवटीच्या तळाशी येतो. या दुखापतीने होणारे मृत्यू पट्टे सुधारत गेले तसे अधिक ठळकपणे दिसू लागले. १९८१ मध्ये मिड-ओहायो येथे चाचणीदरम्यान पॅट्रिक जॅकमार या चालकाचा असाच मृत्यू झाला. त्यांचे मित्र आणि स्वतः शर्यतीत उतरणारे जिम डाउनिंग यांनी हा प्रश्न आपले मेहुणे रॉबर्ट हबर्ड यांच्यापुढे मांडला. हबर्ड हे मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरयांत्रिकीचे प्राध्यापक होते. खांद्यांवर ठेवायची, हार्नेसच्या पट्ट्यांखाली दाबली जाणारी आणि हेल्मेटला दोन दोऱ्यांनी जोडलेली एक कॉलर त्यांनी तयार केली, आणि तिचे नाव हान्स पडले. पहिली कित्येक वर्षे ती फार मोठी, अडचणीची म्हणून कोणी घालायला तयार नव्हते. १९९४ मध्ये इमोला येथे दोन चालक दगावल्यानंतर फॉर्म्युला वनचे लक्ष तिकडे गेले, आणि तिचा आकार लहान करण्याचे काम सुरू झाले.

अमेरिकेत मात्र आणखी वाट पाहावी लागली. २००० साली नॅसकारमध्ये अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक डोक्याच्या किंवा मानेच्या दुखापतीने गेले, आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. कवटीच्या तळाचे हाड तुटले होते. त्यांच्या कमरेचा डावा पट्टाही तुटलेला आढळला. चौकशीत कारण असे नोंदवले गेले, की पट्टा अॅडजस्टरच्या, म्हणजे त्याची लांबी कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, खाचेत एका कोपऱ्याला गोळा झाला आणि ताण पडताच तिथून फाटला. पट्टा बसवण्याच्या पद्धतीवरून त्या वेळी कडवट वाद झाला, आणि मृत्यूत त्या तुटण्याचा वाटा किती यावरही एकमत झाले नाही. केज बांधणाऱ्याने मात्र त्यातून एवढे उचलावे, की पट्ट्याचे टोक ज्या दिशेला ओढले जाणार त्याच दिशेला ते टोक अडकवलेली धातूची पट्टी तोंड करून उभी हवी. बोटाने ओढून पाहिल्यावर पट्टा खाचेत सपाट न राहता कडेला जमत असेल, तर ती बसवणी चुकलेली आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नॅसकारने डोके-मान आधार सक्तीचा केला आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्स सक्तीचे केले.

हान्स आल्याने हार्नेसचीही मांडणी बदलली. कॉलरच्या पायांवरून पट्टे घसरू नयेत म्हणून त्यांचे मागचे टोक पूर्वीपेक्षा जवळजवळ आणावे लागले, आणि सीटच्या पाठीतली पट्ट्यांची भोके एकमेकांपासून फार लांब असली तर ती सीट हान्ससाठी गैरसोयीची ठरू लागली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या केजमध्ये नुसते हान्स आणून घातले, की काम झाले असे नसते ते यामुळेच.

बाजूच्या धडकेचा पुरता विचार सर्वांत उशिरा झाला. १९७० साली डार्लिंग्टन येथे रिचर्ड पेटी यांची गाडी उलटत गेली आणि त्यांचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना सर्वांनी पाहिला, त्यानंतर नॅसकारने खिडकीत जाळी आणली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेल्या सीटा बऱ्याच नंतरच्या. रॅलीत झाडावर बाजूने आदळणाऱ्या गाड्यांनी दार आणि सीट यांमधल्या जागेकडे लक्ष वेधले, आणि एफआयएच्या २००९ च्या प्रमाणाच्या सीटा त्यातून पुढे आल्या.

आगीची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. १९६४ च्या मे महिन्यात शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्स भाजले आणि जुलैमध्ये त्यांचा मृत्यू झाला, तर त्याच मे महिन्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड आगीत गेले. पेट्रोलसाठी पत्र्याच्या टाकीऐवजी आत फोम भरलेली रबरी पिशवी वापरण्यास या घटनांनी वेग दिला. गाडीतच बसवलेली, नळ्या आणि नोझल असलेली अग्निशामक यंत्रणा त्यानंतर रुजली, आणि बराच काळ तिच्यात हॅलॉन वायू असे, कारण तो थोडक्या वजनात आग झटकन विझवी. ओझोनच्या थराला त्याने होणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराच्या चौकटीत विकसित देशांनी १९९३ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबवले. त्यानंतर फोम आणि इतर वायू आले. बाटल्या मोठ्या झाल्या, आणि बाटली कुठे व कशी धरायची हा प्रश्न अधिक गंभीर झाला.

हा प्रश्न आकड्यांत पाहण्यासारखा आहे. बाटलीची पकड २५ जी मंदन सोसेल अशी हवी, म्हणजे ४ किलोची बाटली धडकेच्या क्षणी १०० किलोच्या वजनाने पकडीला ओढते. प्लॅस्टिकची क्लिप हे सोसत नाही. धातूचे पट्टे, तेही किमान दोन, आणि बाटली पुढे निसटू नये म्हणून तोंडाशी अडसर, हे सारे तेवढ्यासाठीच. नोझल चालकाच्या डोक्यावर रोखलेले असू नये. यंत्रणा सुरू करणारा दट्ट्या मात्र पट्टे आवळून बसलेल्या चालकाच्या हाताला लागला पाहिजे, आणि बाहेरच्या मदतनिसालाही. बाहेरून तो ओळखण्यासाठी पांढऱ्या वर्तुळात लाल रंगाचे रोमन अक्षर ई असते. वीज तोडणाऱ्या स्विचची खूण निळ्या त्रिकोणातली लाल वीज अशी आहे. इंजिन चालू असताना तो स्विच दाबून पाहणे आवश्यक आहे, कारण अल्टरनेटर जोडलेला राहिला तर बॅटरी तुटूनही इंजिन फिरतच राहू शकते.

नळ्यांवरच्या पॅडिंगकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे मला नेहमीच खटकते. पाण्याच्या नळांवर घालतात तसला मऊ फोम अंगठ्याने दाबला की थेट नळीपर्यंत चेपतो. डोक्याच्या धडकेत तो असून नसल्यासारखा. हेल्मेट लागू शकेल अशा ठिकाणी एफआयएच्या ८८५७-२००१ या प्रमाणाचे, अंगठ्याला दगडासारखे वाटणारे पॅडिंग लागते. ते हेल्मेटसाठी बनवलेले आहे, उघड्या कवटीसाठी नाही. पूर्ण केजची गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवू नये, असे जाणकार सांगतात त्यामागे हे कारण आहे.

शेवटची चाचणी बाहेर पडण्याची. १९६६ साली स्पा येथे पावसात जॅकी स्टुअर्ट यांची गाडी रस्त्याबाहेर गेली, स्टिअरिंगने पाय अडकला आणि अंगावर पेट्रोल झिरपत असताना ते सुमारे २५ मिनिटे आत राहिले. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट यांनी एका प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला तेव्हा ते सुटले. पुढे स्टुअर्ट आपल्या स्टिअरिंगला पाना चिकटवून ठेवत. आज ते काम स्टिअरिंगच्या दांड्यावरची सुटकेची कळ करते. म्हणून सगळे बसवून झाले, की हेल्मेट, हान्स आणि हातमोजे घालून, पट्टे पुरते आवळून, जाळी लावून एकदा बसावे आणि कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर पडून पाहावे. हान्सची कॉलर सीटच्या पंखाला किंवा दाराच्या आडव्या नळीला कुठे अडकते, ते पहिल्याच प्रयत्नात कळते.