नाव शोधणं वेगळं, नाव ठेवणं वेगळं

पावसाळा सरल्यावर ओढ्याकाठी पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला, की तासाभरात जमणाऱ्या गर्दीत काही मळकट तपकिरी किडे हमखास दिसतात. लांबलचक मिशा पुढे काढून आणि पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते मिटून ते बसलेले असतात. बघणारा म्हणतो, पतंग! पण हात लावला तर बोटाला भुकटी लागत नाही, कारण या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात. पतंगाची गुंडाळलेली सोंडही इथे नाही. ही कॅडिसफ्लाय. तिच्या गणाचं नाव ट्रायकॉप्टेरा, ग्रीकमध्ये अर्थ 'केसाळ पंखांचे'. फुलपाखरं आणि पतंग हे तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक, म्हणजे बघणाऱ्याची चूक अगदीच अनाठायी नाही. हिचं बालपण मात्र पाण्यात जातं. कित्येक जातींच्या अळ्या वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधतात आणि ते ओढत हिंडतात.

पतंग नाही, कॅडिसफ्लाय आहे, इथवर आपण आलो याला ओळखणं म्हणतात. आता बातम्यांमधलं नेहमीचं वाक्य घ्या: 'शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती ओळखली.' जी नवी आहे तिची ओळख पटणार कशी? ओळख पटते ती आधीच नोंद असलेल्याची. नव्या जातीचं वर्णन करावं लागतं. या दोन कामांची हत्यारं बरीचशी सारखी, टेबल एकच, माणूसही बहुधा एकच, म्हणून गल्लत होते. (वर्तमानपत्रं 'प्रजाती' म्हणतात, मी इथे 'जात' म्हणतोय. जुन्या मराठी पुस्तकांत प्रजाती हा शब्द एक पायरी वरच्या गटासाठीही सापडतो, पण तो वेगळाच गोंधळ.)

ओळखायचं काम किल्लीने चालतं. किल्ली म्हणजे प्रश्नांची उतरंड, प्रत्येक पायरीवर दोन पर्याय. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये तीन बारके साधे डोळे आहेत की नाहीत? पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाच्या नळीवर जाड, हलणारे काटे किती? १-३-४ असा हिशेब लागला, साधे डोळे दिसले आणि नराच्या तोंडाजवळचं स्पर्शांग तीन पेरांचं निघालं, तर आपण बहुधा लिम्नेफिलिडी कुळाच्या दारात असतो. पुढे वंश, आणि शेवटी जात. या शेवटच्या पायरीवर पंख आणि रंग फारसे उपयोगी पडत नाहीत. नराच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मऊ मांस विरघळतं, कवचाचे भाग पारदर्शक होऊन उरतात. मग ते ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने, वरून, खालून फिरवून बघायचे. मादीला पकडून ठेवणारे चिमट्यासारखे अवयव, त्यांच्या टोकाची खाच, आतल्या काट्यांची ठेवण, यावर जात ठरते. काम झालं की तो तुकडा इवल्या काचेच्या नळीत, त्याच किड्याबरोबर. ही जोडी तुटली तर सगळी मेहनत पाण्यात.

किल्लीत एक खोट आहे. 'हा माझ्याकडचा नाही' असं तिला म्हणता येत नाही. पत्ता माहीत नसताना 'बसा' म्हणणाऱ्या रिक्षावाल्यासारखी ती तुम्हाला कुठेतरी नेऊन सोडतेच. म्हणून शेवटी मिळालेलं नाव मूळ वर्णनाशी आणि आकृत्यांशी ताडून बघावं लागतं. तिथे खाच जुळत नाही, काटा जास्तीचा दिसतो, आणि मन म्हणतं: नवी जात! माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या क्षणी होतात. न जुळण्याची कारणं निदान तीन असू शकतात. तो त्याच जातीतला किरकोळ फरक असेल. किंवा ती जात कुणीतरी कधीच वर्णन करून ठेवली असेल आणि ते छापलेला नियतकालिकाचा अंक आपल्या हाती आला नसेल. या दोन्ही शक्यता खोडल्यावरच तिसरी, खरोखर नवी असल्याची.

दुसरी शक्यता खोडणं भारतात विशेष कष्टाचं. मार्टिन मोझली लंडनच्या संग्रहालयात बसून भारतीय कॅडिसफ्लायवर लिहीत होते आणि त्यांची लेखमाला १९३० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये येत होती. पुढे कीटकतज्ज्ञ फर्नांड श्मिड यांनी हिमालय आणि ईशान्य भारत पालथा घालून शेकडो जातींची वर्णनं केली, त्यांतली पुष्कळशी फ्रेंचमध्ये. म्हणजे सिक्कीमच्या ओढ्यातला किडा ओळखायचा तर फ्रेंच शब्दकोश जवळ असलेला बरा.

वर्णनाचं गणित वेगळं. प्राण्यांच्या नावांची जागतिक नियमावली आहे आणि तिची घड्याळं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून चालू होतात. १९३० नंतरच्या नावासाठी, ही जात इतरांपासून कशी वेगळी हे शब्दांत सांगावं लागतं. १९९९ नंतर ते नाव ज्याच्यावर बांधलं तो नमुना, बहुधा होलोटाइप म्हणजे असा एकच नमुना, स्पष्टपणे नेमावा लागतो. शिवाय हे सगळं प्रसिद्ध व्हायला हवं. बाटलीत दहा वर्षं पडून असलेला किडा कितीही वेगळा असला तरी तोवर निनावीच.

युरोपातल्या कोसोवोतलं उदाहरण बघा. बियेश्केत ए नेमुना राष्ट्रीय उद्यानात, देचान नदीच्या परिसरात, काही वर्षांपूर्वी कीटकतज्ज्ञ हालिल इब्राहिमी आणि सहकाऱ्यांनी कॅडिसफ्लाय गोळा केल्या होत्या. त्यांतली एक पोटॅमोफायलॅक्स वंशातल्या माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. जवळच्या जातींच्या नरांचे अवयव शेजारी ठेवून तुलना झाली, जनुकीय माहितीही तपासली गेली आणि २०२१ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. एक कारण तेव्हा चालू असलेल्या कोरोनाच्या साथीचं. दुसरं त्यांच्या मते तितकंच गंभीर: जलविद्युत प्रकल्पांमुळे नदीतल्या जीवांवर आलेली मूक साथ. किडा साथीच्या आधी पकडलेला आणि नाव साथीतलं, एवढ्यावरूनही शोध आणि वर्णन यांतलं अंतर दिसतं.

गंमत अशी, की नियमावली फरक सांगा म्हणते, तो फरक टिकलाच पाहिजे असं म्हणत नाही. ते पुढचे तज्ज्ञ बघतात. तुमची 'नवी' जात म्हणजे जुन्याच जातीचा थोडा वेगळा नमुना निघाला, तर तुमचं नाव जुन्या नावाच्या पोटात जातं. नाव ठेवणाऱ्याला नावं ठेवली जातात ती इथे.

दोन्ही कामांतला फरक बाटलीतल्या चिठ्ठीवरही दिसतो. ओळखलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर जातीच्या नावापुढे 'डेट.' असं लिहून ओळखणाऱ्याचं नाव आणि साल घालतात. हे लॅटिन शब्दाचं लघुरूप, अर्थ 'अमक्याने ठरवलं'. ते मत असतं. वीस वर्षांनी दुसरा कुणी येतो, डोकं हलवतो, दुसरी चिठ्ठी टाकतो, आणि पहिली काढत नाही. होलोटाइपची चिठ्ठी बहुधा लाल असते. त्या जातीचं नाव उद्या मोडीत निघालं तरी त्या नावाचा होलोटाइप तोच किडा राहतो, आणि ती लाल चिठ्ठी बाटलीतून कुणी काढत नाही.