दारू, पिस्तूल आणि पाव सेकंदाचा ब्रेक

‘दोन पेगनं मला काही होत नाही’ असं म्हणणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. काही झालंय हे त्याला खरंच जाणवत नसतं. पंचाईत तिथंच आहे, आणि कमरेला पिस्तूल असेल तर ती फार मोठी होते.

अमेरिकेत हा रोजच्या राजकारणातला वाद आहे. टेनेसी आणि अ‍ॅरिझोना या राज्यांनी २००९ साली परवानाधारकांना दारू मिळते अशा ठिकाणी पिस्तूल नेण्याची मुभा दिली. अट अशी की पिस्तूलवाल्यानं स्वतः प्यायची नाही. टेक्सासची रीत वेगळी. ज्या ठिकाणाचं ५१ टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न तिथंच बसून पिण्याच्या दारूतून येतं, तिथं हत्यार नेता येत नाही, आणि तसं सांगणारी लाल आकड्यांची ‘५१%’ पाटी लावावी लागते. मुभेच्या बाजूचे लोक विचारतात, न पिणाऱ्या जबाबदार माणसाचा स्वसंरक्षणाचा हक्क का काढून घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. पण दारू मेंदूत नेमकं काय करते, ते आधी पाहू.

मेंदूचा ब्रेक मोजण्याची एक झकास पद्धत आहे. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं. मधूनच बाणानंतर क्षणभरानं ‘टिंग’ वाजतं. वाजलं तर दाबायचं नाही. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली याचं गणित मांडलं. त्यांच्या मते मेंदूत ‘कर’ आणि ‘थांब’ अशा दोन प्रक्रियांची शर्यत लागते आणि जी आधी पोहोचते ती जिंकते. गंमत अशी, की थांबणं यशस्वी झालं तर मोजायला काही उरतच नाही, कारण हात हललेलाच नसतो! म्हणून ‘टिंग’ किती उशिरा वाजलं आणि किती वेळा हात आवरला गेला, यावरून थांबण्याचा वेळ गणितानं काढावा लागतो. शुद्धीतल्या तरुण माणसाचा हा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंद येतो, म्हणजे जास्तीत जास्त पाव सेकंद.

हा ‘थांब’चा निरोप जातो कुठून? कपाळाच्या उजव्या बाजूमागच्या मेंदूच्या भागातून तो खोलवरच्या ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ नावाच्या इवल्याशा केंद्रात जातो. ते केंद्र ‘ग्लोबस पॅलिडस’ या दुसऱ्या केंद्राच्या आतल्या भागाला चेतवतं. तो भाग चेतला की हालचालीचे हुकूम पुढे धाडणारं ‘थॅलॅमस’ हे केंद्र दबतं आणि थॅलॅमस दबला की हालचालीचा हुकूम पुढे सरकत नाही. एकाला चेतवून दुसऱ्याला दाबायचं, असा हा उलटसुलट कारभार. मधले टप्पे गाळणाऱ्या या वाटेला शास्त्रज्ञ ‘हायपरडायरेक्ट’ म्हणतात.

मद्यार्क चेतापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवतो आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा काही अंशी रोखतो. म्हणजे दारू मुळात मेंदूला मंदावते. तरीही प्यालेला माणूस जोरात येतो, कारण आधी ढिला पडतो तो ब्रेक. मध्यम मात्रा दिलेल्या प्रयोगांत बाण पाहून बटण दाबण्याच्या वेगात फारसा फरक पडलेला दिसत नाही, पण थांबायला मात्र जास्त वेळ लागतो. प्रयोगशाळेतलं बटण म्हणजे पिस्तुलाचा चाप नव्हे, हे मान्य. पण समोरच्यानं खिशातून मोबाइल काढलाय हे उमगून बोट आवरायचं, तर तेही याच ब्रेकच्या भरवशावर.

आता ‘उतरली’ म्हणण्याविषयी. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की रक्तातला मद्यार्क चढता असताना झिंग जास्त दिसते आणि तेवढाच मद्यार्क उतरता असताना कमी. माणसांतही पुढे असं आढळलं, की उतरत्या काळात हालचालींचा वेग सावरतो, ‘आता ठीक आहे’ असं वाटू लागतं, पण स्वतःला आवरण्याची क्षमता मागेच राहते. काळी कॉफी, लिंबू, गार पाण्याचे हबके हे सगळे उपाय फोल. फार तर झोप उडते. यकृत आपल्याच चालीनं मद्यार्क काढतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण ताशी साधारण ०.०१५ टक्क्यांनी उतरतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वाहनचालकांसाठी असलेल्या ०.०८ टक्के या मर्यादेवरून शून्यावर यायला पाच तासांहून जास्त लागतात.

बंदूक नुसती दिसली तरी माणूस हिंसक होतो, असंही १९६७ च्या एका गाजलेल्या प्रयोगाच्या आधारे छातीठोकपणे सांगितलं जातं. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. बंदीच्या बाजूनं बोलायला तो आधार घेण्याची गरजही नाही.

कारण ‘प्यायची नाही’ या अटीतली गोम साधी आहे. पिस्तूल कपड्यांखाली असतं, त्यामुळे पेला भरणाऱ्याला ते दिसत नाही. अट पाळायची ती ज्याची त्यानंच. पहिल्या पेल्याआधी ते सोपं असतं, पण दुसरा नाकारायची वेळ येते तेव्हा आवरणारी यंत्रणाच ढिली पडू लागलेली असते. आणि जो खरोखर थेंबभरही घेत नाही, त्याचा स्वतःचा ब्रेक शाबूत असला तरी भोवतालच्यांचा नसतो. कुणी धक्का दिला, कुणी ओरडलं, तर ती मस्ती की हल्ला, हे त्याला क्षणात ठरवायचं असतं.

म्हणून हत्यार दाराबाहेर ठेवायला लावणारा नियम मला अधिक शास्त्रीय वाटतो. टेक्सासची ५१ टक्क्यांची रेघ मात्र हिशेबनिसाची आहे. दारूतून ३० टक्के कमावणाऱ्या रेस्टॉरंटमधला पेलाही थांबण्याचा वेळ तितकाच लांबवतो.