तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर

27 ऑक्टोबर 2020. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना रंगला होता आणि टॅम्पा बे रेज हा संघ 1-0 ने पुढे होता. त्यांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्लेक स्नेल असा काही टाकत होता की बघत राहावं! 73 चेंडू, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर), एकही वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक जण बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने त्याला हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला. ती सामन्यातली फक्त दुसरी. तेवढ्यात मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून चालत आला आणि त्याने स्नेलला बाहेर काढलं.

पुढचा बॅटर होता लॉस एंजेलिस डॉजर्सचा मुकी बेट्स. बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर हे डॉजर्सचे पहिले तिघे त्या रात्री स्नेलसमोर प्रत्येकी दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. बदली पिचर निक अँडरसनला बेट्सने लगेच डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, ठोकला. त्याच इनिंगमध्ये डॉजर्स 2-1 ने पुढे गेले आणि शेवटी 3-1 ने जिंकून विजेते ठरले.

क्रिकेट बघणाऱ्याला यातली धग लगेच कळणार नाही. आपल्याकडे गोलंदाजाला थांबवलं तरी दोन षटकांनी पुन्हा आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही.

मग कॅशने असं का केलं? बेसबॉलमध्ये नऊ बॅटरांचा क्रम संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि बेट्स आता तिसऱ्यांदा समोर येत होता. अनेक मोसमांच्या नोंदी तपासल्या की एक गोष्ट ठळक दिसते: एकाच सामन्यात त्याच पिचरला दुसऱ्यांदा भेटणारा बॅटर पहिल्यापेक्षा सरस खेळतो, तिसऱ्यांदा त्याहून सरस. पिचर दमतो हे एक कारण, पण खरी गंमत ओळखीत आहे. पिचर आणि बॅटरमधलं अंतर 18.44 मीटर. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात येऊन पोचतो आणि बॅट फिरवायची की नाही हे त्याच्याही बरंच आधी ठरवावं लागतं. म्हणजे बॅटर चेंडू पूर्ण बघून मारत नाही. हात सुटतानाच्या खुणांवरून मेंदू अंदाज बांधतो. प्रत्येक चेंडूगणिक तो अंदाज सुधारतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाचा जम एका बैठकीत बसतो, इथे तो हप्त्याहप्त्याने बसतो.

रेजने या एका कल्पनेभोवती अख्खे मोसम आखले. 19 मे 2018 ला त्यांनी एंजल्स संघाविरुद्ध सर्जिओ रोमोला सुरुवातीला उतरवलं. रोमो एरवी सामन्याच्या शेवटी येणारा पिचर. त्याने तीन बॅटर स्ट्राइकआउट केले आणि त्याचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात त्याचीच! हा ‘ओपनर’. समोरच्या संघाचे वरचे तगडे बॅटर त्याने अंगावर घ्यायचे, मग मुख्य पिचर खालच्या क्रमापासून सुरू करणार. त्यामुळे त्या तगड्यांशी त्याची तिसरी गाठ लांबते.

वरच्या क्रमाला एवढं महत्त्व का, हे साध्या भागाकारात आहे. मोसमात 162 सामने, क्रमात नऊ जण. सामना कुणापाशीही संपू शकतो, त्यामुळे एक जागा वर सरकलेल्याला मोसमभरात साधारण 18 संधी जास्त मिळतात. पूर्वी दुसऱ्या क्रमांकावर बंट टाकून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकून, पहिल्या बॅटरला पुढच्या बेसवर सरकवणारा माणूस असे. आता बरेच संघ तिथे आपला सर्वोत्तम माणूस ठेवतात.

पुन्हा त्या रात्रीकडे. कॅशने ऐन वेळी कच खाल्ली असं मला वाटत नाही. कोविडमुळे 60 सामन्यांवर आलेल्या त्या मोसमात स्नेलने एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. मॅनेजर वर्षभराच्या सवयीला जागला. पण अलीकडे काही संख्याशास्त्रज्ञ दाखवतात की तिसऱ्या फेरीपाशी पिचरची कामगिरी एकदम कोसळेल असा कडा नाही, सुरुवातीपासूनचा सावकाश उतार आहे. ते मला पटतं. शिवाय तुलना थकलेला स्नेल आणि ताजातवाना कुणीतरी अशी नव्हतीच. ती होती 73 चेंडूंचा स्नेल आणि आधीच्या सलग काही सामन्यांत धावा दिलेला अँडरसन यांच्यात. माझ्या लेखी चूक झाली ती तिथे.