ध्रुवीय समुद्रांचं निरीक्षण

आर्क्टिक महासागर आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर इथला समुद्री बर्फ, पाण्याचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह वर्षानुवर्षं मोजत राहणं म्हणजे हे निरीक्षण. हिमनग आणि जमिनीवरचे बर्फाचे थर हा वेगळा विषय, इथं फक्त समुद्राचंच पाणी गोठून झालेला बर्फ धरलाय, तो वितळला म्हणून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही पण खालचं गडद पाणी उघडं पडतं आणि ऊन जास्त शोषून घेतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण नॉर्वेच्या नान्सेन या संशोधकाच्या फ्राम मोहिमेपासून (१८९३-९६) धरतात, कारण ते जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहू दिलं होतं आणि बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो हे तिथंच लक्षात आलं, त्याचं गणित एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९०५ला मांडलं. पण सलग आकडेवारी हवी असेल तर ती १९७८च्या शेवटापासूनच मिळते, निंबस-७ सॅटेलाइटवर मायक्रोवेव्ह सेन्सर बसला तेव्हापासून, कारण त्याला ढग आणि महिनोन्महिन्यांचा अंधार आड येत नाही.

त्याआधीचं काय, हा खरा वादाचा मुद्दा. देवमाशांची शिकार करणारी जहाजं प्रत्येक शिकारीची जागा लिहून ठेवायची आणि शिकार बर्फाच्या कडेला जास्त व्हायची, म्हणून सगळ्यात दक्षिणेकडच्या नोंदी म्हणजे बर्फाची कड असं धरून डे ला मेअर या संशोधकांनी १९९७ला दाखवलं की १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अंटार्क्टिकाची उन्हाळी कड साधारण २.८ अंश दक्षिणेला सरकली. यावर आक्षेप असा की जहाजावरून डोळ्याला दिसणारी कड आणि सॅटेलाइटची कड एक नसते, उन्हाळ्यातला विखुरलेला ओला बर्फ सेन्सरला नीट दिसतच नाही, शिवाय मधल्या काळात ज्या देवमाशांची शिकार व्हायची त्यांची जातही बदलत गेली. घट झाली असावी असं मानायला जागा आहे, पण २.८ हा आकडा जपूनच वापरावा.

सॅटेलाइटच्या मोजणीतही मेख आहे. समुद्राचा नकाशा छोट्या चौकटींत वाटतात, एका चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असला की ती पूर्ण चौकट बर्फाच्या विस्तारात धरतात, आणि बर्फावर साचलेली वितळपाण्याची डबकी सेन्सरला उघडा समुद्रच वाटतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा फुटांचा आकडा बघून पंचगंगेत एकूण पाणी किती ते सांगता येत नाही, तसंच विस्तारावरून जाडी कळत नाही. जाडीसाठी १९५८पासून पाणबुड्यांचे सोनार (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारी यंत्रं) आणि २०१०पासून क्रायोसॅट-२ हा सॅटेलाइट, पण त्याचा रडार पाण्यावर आलेल्या भागाची उंची मोजतो आणि वरच्या भुसभुशीत हिमाचा अंदाज चुकला की जाडीही चुकते.

आर्क्टिकचा नीचांक सप्टेंबर २०१२चा, साधारण ३४ लाख चौ. किमी. अंटार्क्टिकाचं वागणं वेगळं: २०१४ला हिवाळी विस्तार २ कोटी चौ. किमीच्या वर गेला, २०१६पासून घसरला, फेब्रुवारी २०२३मध्ये १८ लाखांच्या खाली आला. कारणांवर अजून एकमत नाही.

भारताचं हिमाद्री स्टेशन २००८पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, आणि २०१४ला तिथल्या काँग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत घुसलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) इंडआर्क नावाची यंत्रमाळ पाण्यात सोडली, काम गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था बघते. हा फ्योर्ड निवडायचं कारण म्हणजे अटलांटिकचं कोमट पाणी इथं आत शिरतं. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर कोल्हापुरात या विषयाची विचारणा होते. आर्क्टिकमधल्या, रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला घटलेला बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिवृष्टीचा पाऊस यांचा संबंध असू शकतो असं या संस्थेच्या संशोधकांनी मांडलंय, पण ती शक्यता आहे, आणि मध्य भारतापुरती, तिला ओढून पंचगंगेच्या पुराला लावू नये.

बर्फाखालच्या हिवाळी पाण्याचा डेटा सगळ्यात विरळ. आर्गो फ्लोट (पाण्यात आपोआप खाली-वर होणारं मोजमापाचं यंत्र) २००० मीटर खोलीवरून वर येतो, पण वरचं पाणी गोठणबिंदूजवळ लागलं की परत फिरतो, मोजमापं जवळ ठेवतो आणि उघडं पाणी मिळाल्यावर पाठवतो. काही ठिकाणी एलिफंट सीलच्या डोक्यावर सेन्सर चिकटवूनही मोजमाप चालतं.